कोवळ्या पानांसाठी बी घरचेच हवे

पावसाळ्याच्या तोंडावर माथेरानला गेलो असता एका परिचित भगिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला डबा मोठ्या हौसेने दाखवला. मिठाईच्या चपट्या डब्यात मुळ्याची बोटभर उंचीची रोपे गच्च उगवली होती. ‘याला मायक्रोग्रीन्स म्हणतात ना? मुलांच्या डब्यातल्या पोळीत रोज थोडी कापून घालते,’ त्या म्हणाल्या. कल्पना उत्तमच होती. मी सहज विचारले, बी कुठले? त्यांनी फडताळातून पाकीट काढले. आतले बी कुंकवासारखे गुलाबी होते आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले होते, की हे बी औषध लावलेले असून अन्न, चारा किंवा तेल यांसाठी वापरू नये.

मी त्यांना डबा रिकामा करायला सांगितले. घाबरण्यासारखे काही झाले नव्हते. मुले ठणठणीत होती. परंतु अशा घरांची संख्या आता वाढत आहे. मायक्रोग्रीन्स कसे उगवावेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात, बी कोणते वापरावे हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आजचा हा विषय.

शेतीच्या दुकानात मिळणारे भाजीचे बी हे पेरण्यासाठी असते. जमिनीत पडल्यावर त्याला बुरशी लागू नये, किडीने खाऊ नये म्हणून त्याला थायरम, कॅप्टन, कार्बेन्डाझिम यांसारखी औषधे चोळलेली असतात. काही बियाण्यांना इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशकही लावतात. ओळखू यावे म्हणून त्यात गुलाबी, लाल, निळा किंवा हिरवा रंग मिसळतात. शेतात पेरलेल्या बियापासून दीड-दोन महिन्यांनी मुळा हाती येतो तेव्हा त्या चिमूटभर औषधाचा अंश नगण्य झालेला असतो. पण आपण तेच रोप आठव्या दिवशी कापून कच्चे खाल्ले, तर गोष्ट वेगळी होते. बियाची टरफले अजून पानांना चिकटलेली असतात. शिवाय कार्बेन्डाझिम आणि इमिडाक्लोप्रिड ही औषधे बियातून रोपाच्या अंगात शिरणारी आहेत. रोपाला आतून संरक्षण मिळावे यासाठीच ती बनवलेली आहेत.

‘मग बी चांगले धुऊन घेतले तर?’ असा प्रश्न हमखास येतो. याचे उत्तर इराकमध्ये फार महाग पडून मिळाले आहे. १९७१-७२ च्या हिवाळ्यात तेथे पेरणीसाठी परदेशातून गहू आणला होता. त्याला पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेले होते आणि वर लाल रंग दिलेला होता. गोण्यांवरची सूचना लोकांना वाचता येण्याजोग्या भाषेत नव्हती. खेड्यांतील अनेकांनी गहू धुतला, रंग गेला, म्हणजे विषही गेले असे समजून त्याच्या रोट्या केल्या. रुग्णालयांत साडेसहा हजारांवर रुग्ण दाखल झाले आणि त्यांतील ४५९ दगावले. आपल्याकडच्या भाजीच्या बियाला आज लावली जाणारी औषधे त्या पाऱ्याइतकी भयंकर नाहीत हे खरे. पण रंग निघाला म्हणजे औषध निघाले असे नव्हे, हा धडा तोच आहे.

आता मायक्रोग्रीन्स म्हणजे काय ते पाहू. मोड आलेली कडधान्ये आपण मुळासकट खातो. पूर्ण वाढलेली पालेभाजी महिना-दीड महिन्याने खुडतो. या दोहोंच्या मधली अवस्था म्हणजे मायक्रोग्रीन्स. बी रुजून पहिली दोन दले पसरली, तिसरे खरे पान डोकावू लागले, की मातीच्या वरून कापलेले रोप. नाव नवे असले तरी वस्तू नवी नाही. मुंबईच्या बाजारात इवल्याशा जुड्यांनी मिळणारी, वाळूत उगवलेली समुद्रमेथी हीच की! नवरात्रात घटाभोवती आपण धान्य रुजत घालतो, नवव्या दिवशी जे तरारून वर आलेले असते ते हेच. कोकणात काही ठिकाणी त्याला रुजवण म्हणतात. आणि पहिल्या पावसानंतर बांधावर उगवलेला टाकळा आपल्याकडच्या बायका चार पाने फुटताच खुडून आणतात, जून झाल्यावर नव्हे. कोवळेपणीच पाला खावा ही जाण आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे.

शास्त्रज्ञांनीही हे मोजून पाहिले आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ आणि तेथील कृषी खाते यांच्या संशोधकांनी २०१२ साली अशा २५ प्रकारच्या कोवळ्या रोपांची तपासणी केली. पूर्ण वाढलेल्या पानांच्या तुलनेत त्यांच्यात जीवनसत्त्वे व कॅरोटीनसारखी द्रव्ये बहुतेक बाबतींत चार ते चाळीस पट आढळली. त्यांत कोथिंबिरीत कॅरोटीन वर्गातील द्रव्ये, लाल राजगिऱ्यात ‘के’ जीवनसत्त्व आणि मुळ्यात ‘ई’ जीवनसत्त्व भरपूर निघाले. ही तिन्ही रोपे आपल्या ओळखीची आहेत. मात्र ‘चाळीस पट’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. पालेभाजी आपण वाटीभर खातो, ही रोपे मूठभर, म्हणजे फार तर वीस-पंचवीस ग्रॅम. जेवणाला ती जोड आहे, भाजीची जागा ती घेऊ शकत नाहीत.

तरीही माथेरानसारख्या गावात या मूठभर पानांचे मोल जास्त आहे असे माझे मत आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात भाजी पिकत नाही म्हटले तरी चालेल, ती खालून येते. वाहने दस्तुरीला थांबतात, तेथून पुढे ओझे घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावर. नेरळहून वर येणारी १९०७ सालची छोटी गाडी पावसाळ्यात पूर्ण मार्गावर धावत नाही. पालेभाजी खुडल्यापासून तिच्यातले ‘क’ जीवनसत्त्व घटत जाते आणि दमट हवेत ती सडतेही लवकर. पावसाच्या चार महिन्यांत मग बटाटा, कांदा आणि डाळ यांवर भागवण्याकडे कल होतो. खालच्या वाड्यांतून टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या येतात तेवढाच काय तो हिरवेपणा.

याचा संबंध बायकांच्या रक्ताशी आहे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. भाकरी, डाळ, नाचणी यांत लोह असते, पण ते शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असलेले काही ताजे, कच्चे असेल तर शोषण वाढते. वरणभातावर मुळ्याची किंवा मोहरीची मूठभर कोवळी पाने आणि वर लिंबू पिळलेले, हे त्या दृष्टीने चांगले. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो नेमके उलटे काम करतो. ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी त्या बंद करू नयेत. पानांनी गोळीचे काम होणार नाही.

आता बियाकडे वळू. सगळेच बी घरी धरण्याची गरज नाही. मेथी, मोहरी, धणे आणि अख्खा राजगिरा हे आपण वाण्याकडून खाण्यासाठीच आणतो. त्यांना पेरणीचे औषध लावलेले नसते आणि ते बहुधा चांगले उगवते. (राजगिऱ्याच्या लाह्या उगवत नाहीत, हे सांगायला नको. पण एका वाचकाने तसा प्रयोग करून मला कळवले होते!) धण्याच्या एका गोल दाण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलके दाबून त्याचे दोन भाग करावेत, मग तो लवकर रुजतो. अडचण येते ती मुळा, लाल माठ, पालक यांची. यांचे बी किराणा दुकानात मिळत नाही, ते बियाण्याच्या दुकानातूनच घ्यावे लागते आणि तिथे गाठ पडते ती गुलाबी रंगाशी. म्हणून निदान मुळा आणि माठ यांचे बी घरचे धरावे, असा माझा आग्रह आहे. दोन्ही सोपे आहेत.

येथे संकरित आणि गावठी हा फरक समजून घ्यावा. संकरित म्हणजे हायब्रीड बी हे दोन निवडक वाणांच्या संकरातून दरवर्षी नव्याने तयार करतात. त्यापासून आलेल्या झाडाचे बी धरले तर पुढच्या पिढीत एकसारखेपणा राहत नाही. एक रोप आजीवर, एक काकावर! गावठी वाणाचे तसे नसते. त्याचे बी वर्षानुवर्षे धरता येते आणि मूळ गुण टिकतात. सरकारी संशोधन केंद्रांनी निवडीने तयार केलेले सुधारित वाण, उदाहरणार्थ ‘पुसा चेतकी’ हा मुळा, यांचेही बी धरता येते. सुधारित म्हणजे संकरित नव्हे. हायब्रीडचे रोप खाण्यास विषारी असते असा समज काहींनी करून घेतला आहे, तो चुकीचा आहे. विष असलेच तर ते बाहेरून चोळलेल्या औषधात असते. हायब्रीडचा तोटा एवढाच, की त्यासाठी दरवर्षी दुकानात जावे लागते, आणि दुकानातून येणारे बी औषधाचे.

गावठी बियाण्याच्या रक्षणाचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे या शाळेची पायरीही न चढलेल्या महिलेने वाल, घेवडा, भात, भाज्या यांचे कितीतरी गावठी वाण सांभाळले, बाएफ या संस्थेच्या साह्याने बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरातला नातू सारखा आजारी पडू लागला तेव्हा आपण आपल्या खाण्याचा आणि त्यामागच्या बियाचा विचार करू लागलो, असे त्या सांगत आल्या आहेत. आपल्या कर्जत तालुक्यातही कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने भाताचे स्थानिक वाण जतन करण्याचे काम केले आहे. आणि कडव्या वालाचे बी तर रायगडातल्या कित्येक घरांत सासूकडून सुनेकडे आलेले असते. तेव्हा हे काम आपल्याला परके नाही.

मुळ्याचे बी असे धरावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस पुरता गेल्यावर, खोल कुंडीत किंवा वाफ्यात मुळा पेरावा. सुरुवातीला गावठी बी मिळाले नाही तर दुकानातले गुलाबी बीसुद्धा चालेल. ते जमिनीत पेरण्यासाठीच आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, एवढेच. त्या झाडाला धरलेले नवे बी तुमचे आणि बिनऔषधी. मात्र पाकिटावर ‘हायब्रीड’ लिहिलेले नसावे. विलायती मुळ्याच्या जातींना बी धरायला कडक थंडी लागते, गावठी मुळा आणि पुसा चेतकी आपल्या हवेतही फुलतात.

मुळे तयार झाले की सगळे उपटावेत. त्यांतले सरळ, न तडकलेले, रोग नसलेले सहा-सात निवडावेत. त्यांचा खालचा एक तृतीयांश भाग आणि वरचा पाला कापून टाकावा, गाभ्याचा कोंब राखावा आणि ते पुन्हा लावावेत. बाकीचे खाऊन टाकावेत. जे सर्वांत आधी फुलावर आलेले असते ते झाड बियासाठी ठेवू नये. लवकर फुलणारा मुळा पुढच्या वर्षी पोसायच्या आतच फुलू लागतो. एकच झाड ठेवूनही चालत नाही. मुळ्याचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही, मधमाशीने शेजारच्या झाडावरून पराग आणावा लागतो. फुले येऊन शेंगा धरल्या की त्या कोवळ्या असताना काही तोडून भाजी करावी, हीच आपली डिंगरी. उरलेल्या झाडावर पिवळ्या पडून वाळेपर्यंत ठेवाव्यात. मार्च-एप्रिलमध्ये त्या खडखडीत होतात. मुळ्याची शेंग मोहरीसारखी आपोआप फुटत नाही, ती फडक्यात बांधून काठीने बडवावी लागते. मग सूप आहेच.

माठाचे त्याहून सोपे. जानेवारीत पेरलेल्या लाल माठातली पाच-सहा जोमदार झाडे न खुडता वाढू द्यावीत. तुरे वाळू लागले, बोटांनी चोळल्यावर काळे चकचकीत दाणे सुटू लागले, की सकाळी तुरे कापून कापडावर झटकावेत. हे बी इतके बारीक असते, की एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे बसतात, त्यामुळे पाच-सहा झाडे वर्षभराला पुरून शेजारी वाटण्याइतके बी देतात. लाल आणि हिरवा माठ जवळजवळ लावला तर वाऱ्याने पराग मिसळतात आणि पुढच्या वर्षी दोन्ही रंगांची सरमिसळ होते. खाण्याच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही.

माथेरानकरांना येथे तीन अडचणी येतील. पहिली माकडांची. बियासाठी झाड तीन-चार महिने उभे ठेवायचे म्हणजे जाळीशिवाय गत्यंतर नाही. कुंड्यांवर बारीक भोकांची लोखंडी जाळी बसवावी, फुलोऱ्याच्या वेळी मधमाशा आत जातील एवढी भोके हवीत. दुसरी अडचण सावलीची. झाडांच्या दाट छायेत मुळा नुसता पाल्यावर जातो, म्हणून चार-पाच तास ऊन पडणारा कोपरा शोधावा लागतो. उन्हासाठी फांद्या तोडण्याचा विचारही करू नये. २००३ पासून माथेरान हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जंगलातली काळी माती उकरून आणणेही टाळावे, जांभ्या दगडावरचा तो पातळ थर तयार व्हायला पिढ्या लागल्या आहेत.

तिसरी गोष्ट खताची, आणि ती थेट आरोग्याची आहे. माथेरानला घोड्याची लीद मुबलक. ती उत्तम खत आहे, पण कुजवल्यावर. ताज्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि हाताला काट्याची जखम असताना ती कालवणे धोक्याचे आहे. बागकाम करणाऱ्या प्रौढांनी दर दहा वर्षांनी धनुर्वाताची लस घ्यावी. आपण शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल तर दवाखान्यात विचारावे. लीद खड्ड्यात चार-सहा महिने पालापाचोळ्याबरोबर कुजवून, काळी आणि बिनवासाची झाल्यावर मुळ्याच्या-माठाच्या बियाच्या झाडांना घालावी. कच्चे खाण्याच्या रोपांच्या डब्यात मात्र लीद किंवा शेणखत नको, कुजलेलेही नको.

बी हाती आले म्हणजे काम संपले नाही. माथेरानमध्ये बी मरते ते पावसाळ्यात, डब्यात. अमेरिकेतील बीशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी एक सोपा ठोकताळा सांगितला आहे. हवेतील आर्द्रतेचे टक्के आणि फॅरनहाइटमधील तापमान यांची बेरीज शंभराच्या आत असेल तर बी चांगले टिकते. आता जुलैतल्या माथेरानचा हिशेब करा. ढग घरात शिरलेले, आर्द्रता ९५ आणि तापमान ७३ धरले तरी बेरीज १६८! त्यांचाच दुसरा ठोकताळा असा, की बियातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून पाऊस लागण्यापूर्वी, मेच्या मध्यापर्यंत, बी कडक वाळवून डब्यात बंद झालेच पाहिजे.

वाळवावे ते सकाळच्या उन्हात आणि नंतर सावलीत, कापडावर. दुपारी पत्र्यावर टाकलेले बी भाजून निघते. मुळ्याचा दाणा दाताखाली चिरडला न जाता टचकन फुटला की पुरेसे वाळले. मग काचेची घट्ट झाकणाची बरणी घ्यावी. बियाच्या दुप्पट तांदूळ तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजून, झाकून गार करून बरणीच्या तळाशी घालावेत आणि वर सुती पुरचुंडीत बी ठेवावे. भाजलेले तांदूळ उरलासुरला ओलावा शोषून घेतात. पंधरा दिवसांनी तांदूळ काढून बी कोरड्या बाटलीत भरावे. घरी फ्रिज असेल तर बाटली तिथे ठेवावी. बाहेर काढल्यावर ती घरातल्या हवेइतकी गरम झाल्याशिवाय झाकण उघडू नये, नाहीतर बियावर दव धरते. जुन्या पद्धतीची राखही चालते, पण रुजत घालताना बी स्वच्छ धुवावे. आपल्याकडे डाळ-तांदळाला लावतात ती बोरिक पावडर, कणगीत टाकतात त्या पाऱ्याच्या टिकड्या, डांबराच्या गोळ्या यांतले काहीही या बियाजवळ नको. धान्याला धुरी देणाऱ्या विषारी गोळ्या तर घरातच आणू नयेत, त्यांच्या वायूने माणसे मेलेली आहेत.

रुजत घालण्याआधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस ठेवावेत. पंधरा-सोळा उगवले तर बी उत्तम, दहाच उगवले तर दीडपट-दुप्पट पेरावे. एक फूट लांब व तितक्याच रुंद, दोन इंच खोल, तळाला भोके असलेल्या ट्रेला मुळ्याचे बी वीसेक ग्रॅम, मोहरी दहा, माठ किंवा राजगिरा पाच-सहा आणि भिजवलेली मेथी पंचवीस-तीस ग्रॅम पुरते. खाली नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा किंवा घरच्या पालापाचोळ्याचे पूर्ण मुरलेले खत चाळून घालावे. पाणी पिण्याचेच वापरावे. दोन-तीन दिवस वर ताट झाकून ठेवावे, मग उजेडात आणावे. सात ते बारा दिवसांत रोपे तयार होतात. धणे मात्र दोन-तीन आठवडे घेतात.

पावसाळ्यात बुरशीचा त्रास होतो. बी विरळ पेरणे, पाणी वरून न शिंपडता ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाजणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे, हे उपाय पुरतात. मुळांभोवती पांढरी लव दिसली म्हणून लगेच बुरशी समजू नये. पाणी मारल्यावर ती नाहीशी झाली तर ते मुळांचे केस आहेत, जाळ्यासारखी पसरलेली राहिली तर बुरशी. बुरशीचा ट्रे पूर्ण टाकून द्यावा. वरची चांगली पाने निवडून घेऊ नयेत.

स्वच्छतेबद्दल थोडे कडक बोलतो. २०११ साली जर्मनीत मेथीच्या बियांना आणलेल्या मोडांतून एका घातक जंतूची साथ पसरली. साडेतीन हजारांवर लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मरण पावले. उबदार, ओल्या वातावरणात बियावरचा जंतूही वाढतो. कोवळी रोपे मातीच्या वर, मूळ सोडून कापलेली असल्याने त्यांना मोडांपेक्षा धोका कमी, पण तो शून्य नाही. हात धुऊन, स्वच्छ कात्रीने, मातीपासून अर्धा इंच वर कापावीत. पिण्याच्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी खावीत. गरोदर स्त्रिया, वर्षाखालची बाळे, फार वृद्ध माणसे आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण यांनी ती कच्ची खाऊ नयेत. त्यांच्यासाठी आमटी उकळत असताना मूठभर टाकावीत. ‘क’ जीवनसत्त्व थोडे जाईल, बाकीचे राहील.

प्रत्येक बियाचे रोप खाण्याजोगे नसते, हेही ध्यानात ठेवा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांची कोवळी रोपे विषारी असतात, ती कधीही खाऊ नयेत. कोवळ्या ज्वारीने जनावरे दगावतात हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे, माणसालाही ती नको. राजमा कच्चा नको. आपल्या वालाचेही तसेच. बिरड्यासाठी आपण वाल भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि मग शिजवतो. त्यातली शेवटची पायरी गाळून वालाचे कोंब कच्चे खाऊ नयेत. घरचे बी धरायची गोडी लागली की हात दुधी, काकडीकडेही वळतो. त्यांत मधमाश्यांमुळे कडू जातीचा संकर होऊ शकतो. घरच्या बियाचा दुधी चिरल्यावर जिभेला तुकडा लावून पाहावा आणि कडू लागला तर सगळा फेकून द्यावा. कडू दुधीचा रस पिऊन देशात मृत्यू झाले आहेत.

रक्त पातळ राहण्यासाठी वारफेरिन किंवा असिट्रोमची गोळी चालू असलेल्यांनी माठ-राजगिऱ्याची कोवळी पाने अचानक सुरू किंवा बंद करू नयेत. त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो. आपल्या डॉक्टरांना सांगून, रोज साधारण सारख्याच प्रमाणात खाल्ली तर त्यांना गोळीचे प्रमाण त्याप्रमाणे बसवता येते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मूठभर मेथी चालेल. मेथीमुळे गोळी सुटेल या आशेवर मात्र राहू नये.

ज्यांच्याकडे सध्या काहीच गावठी बी नाही त्यांनी दिवाळीनंतर पायथ्याच्या वाड्यांतून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना विचारावे. पुरचुंडीभर माठाचे किंवा मुळ्याचे बी त्यांच्या घरी बहुधा असते. बरणीवर वाणाचे नाव, कोणाकडून आणले आणि कोणत्या महिन्यात धरले एवढे लिहावे, आणि ते पेन्सिलीने लिहावे. पेनाची शाई माथेरानच्या एका पावसाळ्यातच फुटते.